‘मुळात’ या शब्दाविषयी

इस्रायल आणि पॅलेस्टाइन यांच्याविषयी बोलणे निघाले की थोड्याच वेळात एक प्रश्न हमखास येतो: ती जमीन मुळात कोणाची? 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलमध्ये केलेल्या हल्ल्यात सुमारे 1200 माणसे मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारोंच्या संख्येने माणसे मरत गेली, तेव्हापासून तर हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला आहे. विचारणाऱ्याचे मत बहुधा आधीच ठरलेले असते. त्याला फक्त त्या मताला टेकू देणारा एखादा सन हवा असतो. एकेकाळी मीही असाच सन शोधत होते, म्हणून हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. पण या प्रश्नातल्या ‘मुळात’ या शब्दाविषयी मला जे वाटते ते एकदा सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

या प्रदेशाचा इतिहास वाचायला लागले तेव्हा मी एक वही घातली होती. डाव्या पानावर ज्यूंच्या बाजूचे पुरावे आणि उजव्या पानावर अरबांच्या बाजूचे, अशी साधी विभागणी होती. सुरुवातीला वही छान भरत गेली. डावीकडे इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याचा इसवी सनपूर्व 1208 च्या सुमारासचा शिलालेख आला, ज्यात ‘इस्राएल’ हे नाव बायबलबाहेर पहिल्यांदा आढळते. त्यापाठोपाठ टेल दान येथे 1993 मध्ये सापडलेला, ‘दावीदाच्या घराण्या’चा उल्लेख असलेला शिलाखंड आला, इसवी सन 70 मध्ये रोमनांनी पाडलेले जेरुसलेमचे मंदिर आले. उजवीकडे सातव्या शतकात खलिफा उमर याच्या काळात अरबांच्या हाती आलेले जेरुसलेम, 691-92 मध्ये पूर्ण झालेली ‘डोम ऑफ द रॉक’ ही तिथली इस्लामी वास्तू आणि तेव्हापासून, क्रुसेडरांचा, म्हणजे युरोपातून चालून आलेल्या ख्रिस्ती लढवय्यांचा, काळ धरूनसुद्धा, शेकडो वर्षे तिथे नांगर धरणारी, ऑलिव्हच्या बागा राखणारी अरबी भाषक वस्ती आली. मात्र वही निम्मी भरायच्या आत माझी पंचाईत होऊ लागली, कारण एकेक नोंद अशी येई की ती कोणत्या पानावर लिहावी हेच कळेना.

पहिली अशी नोंद हेब्रॉन गावाची होती. हिब्रू भाषेत त्याचे नाव हेव्रोन आणि अरबीत अल-खलील. ‘खलील’ म्हणजे मित्र. देवाचा मित्र, म्हणजे इब्राहिम. हेव्रोन या नावाचा संबंधही बहुतेक जाणकार सख्याशी, सोबत्याशी जोडतात. म्हणजे एकाच गावाची दोन भाषांतली दोन नावे आणि दोन्हींच्या गाभ्याशी मैत्री. ज्यूंचा अब्राहाम आणि मुसलमानांचा इब्राहिम हे एकच पुरुष, आणि तो याच गावातल्या मकपेलाच्या गुहेत पुरला आहे, अशी दोघांचीही श्रद्धा आहे.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात ही गुहा त्याच्याकडे कशी आली ते तपशिलाने सांगितले आहे. बायको सारा वारली, तेव्हा अब्राहाम त्या मुलखातल्या हित्ती लोकांकडे गेला आणि मी तुमच्यात उपरा आहे, पाहुणा आहे, मला माझ्या मयतासाठी जागा द्या, असे म्हणाला. गुहेचा मालक एफ्रोन याने ती फुकट देऊ केली. अब्राहामाने ती फुकट घेतली नाही. गावाच्या वेशीपाशी, सगळ्यांच्या देखत, त्याने चारशे शेकेल चांदी तोलून दिली आणि शेत, त्यातली गुहा आणि शेताच्या चारी हद्दींतली सगळी झाडे त्याच्या नावे झाली. खरेदीखताची आठवण यावी इतकी ही नोंद चोख आहे. किंमत आहे, साक्षीदार आहेत, हद्द आहे, झाडेसुद्धा मोजली आहेत. हा प्रसंग इतिहासात घडला की नाही, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. मला त्यात विलक्षण वाटते ते हे, की देवाने ज्याला हा सगळा देश देऊ केला असे तेच पुस्तक सांगते, तो माणूस प्रेत पुरायच्या जागेसाठीसुद्धा देवाच्या वचनावर विसंबला नाही. त्या घटकेला तिथे राहणाऱ्या माणसांसमोर तो वाकला, आपण उपरे आहोत हे त्याने कबूल केले आणि पुरते पैसे मोजले. पुढे अब्राहाम वारला तेव्हा त्याला त्याच गुहेत इसहाक आणि इश्माएल या दोन्ही मुलांनी मिळून पुरले, असेही त्याच पुस्तकात आहे. इसहाकाकडून ज्यू आपली परंपरा सांगतात आणि इश्माएलकडून अरब.

त्या गुहेवर आज उभी असलेली प्रचंड भिंत हेरोद राजाच्या काळची आहे. तिच्या आत पुढे बायझंटाइन चर्च झाले, मग मशीद, मग क्रुसेडरांचे चर्च आणि क्रुसेडरांना हरवणाऱ्या सुलतान सलादीननंतर पुन्हा मशीद. तेराव्या शतकात मामलुक सुलतान बैबर्स याने ज्यूंना आत जायची मनाई केली. बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत त्यांनी यावे, तिथे उभे राहून प्रार्थना करावी आणि परत जावे, असा रिवाज पडला तो 1967 पर्यंत टिकला. सातशे वर्षे एका समाजाच्या कित्येक पिढ्या आपल्या मूळ पुरुषाच्या कबरीपासून सात पायऱ्यांवर थांबल्या. हे वाचले तेव्हा ज्यूंच्या दाव्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. तोवर तो दावा मला ग्रंथात जपून ठेवलेला वाटत होता. त्या पायरीवर तो माणसांनी पायांनी जपलेला होता.

पण 24 ऑगस्ट 1929 हा दिवसही याच गावातला आहे. त्या दिवशी हेब्रॉनमध्ये अरब जमावाने 67 ज्यूंची कत्तल केली. मेलेल्यांतले बरेच जण त्या गावातल्या जुन्या, शांतताप्रिय, धर्मग्रंथांच्या अभ्यासात रमलेल्या समाजातले होते. वाचले त्यांतल्या अनेकांना अरब शेजाऱ्यांनी आपल्या घरात दडवून वाचवले होते. या घटनेनंतर तिथली शेकडो वर्षांची ज्यू वस्ती उठली. 1967 च्या युद्धात गाव इस्रायलच्या ताब्यात आले आणि 1968 मध्ये काही ज्यू कुटुंबे आम्ही परत आलो असे म्हणत तिथे जाऊन राहिली. 25 फेब्रुवारी 1994 रोजी त्याच गुहेवरच्या मशिदीत रमजानच्या महिन्यात नमाज पढणाऱ्या 29 मुसलमानांना जवळच्या वसाहतीतल्या एका ज्यूने गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर ती वास्तू आतून विभागली गेली. अब्राहाम आणि याकोब यांच्या स्मारकांची दालने ज्यूंकडे, इसहाकाचे दालन मुसलमानांकडे, आणि वर्षातले दहा दिवस पूर्ण वास्तू ज्यूंना, दहा दिवस पूर्ण वास्तू मुसलमानांना. 1997 च्या करारानुसार गावही पॅलेस्टिनी प्रशासनाकडचा एच-1 आणि इस्रायलकडचा एच-2 असे दोन भागांत विभागले गेले. 1929 मध्ये जी ज्यू कुटुंबे उठली त्यांच्या वारसांतही आज एकवाक्यता नाही. नवे वसाहतवाले आमच्या आजोबा-पणजोबांच्या नावाने बोलत नाहीत, असे त्यांतल्या काहींनी जाहीरपणे सांगितले आहे.

माझ्या वहीत हेब्रॉन दोन्ही पानांवर लिहिले गेले.

दुसरा धक्का गावांच्या नावांनी दिला, आणि माझ्या मते या साऱ्या वादात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट ही आहे. 1838 मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन बायबल अभ्यासक, अरबी जाणणाऱ्या इलाय स्मिथ या मिशनऱ्याला बरोबर घेऊन, या प्रदेशात हिंडला. बायबलमधली गावे प्रत्यक्षात कुठे होती हे त्याला शोधायचे होते. त्याने ते मुख्यतः एका सोप्या उपायाने शोधले: वाटेत भेटणाऱ्या शेतकऱ्यांना तो आसपासच्या गावांची, टेकड्यांची, उजाड झालेल्या जागांची नावे विचारत गेला. शेतकरी अरबी बोलत होते, पण त्यांच्या तोंडची नावे ऐकून रॉबिन्सन थक्क होत असे. अनाता म्हणजे यिर्मया संदेष्ट्याचे अनाथोथ. बेतीन म्हणजे बेथेल. मुखमास म्हणजे मिखमाश. सेलून म्हणजे शिलो. अल-जीब म्हणजे गिबोन. दोन-अडीच हजार वर्षांत भाषा बदलली, धर्म बदलला, राज्ये किती आली आणि गेली, पण गावांची नावे त्या मातीत राहणाऱ्यांच्या जिभेवर जराशी झिजून तशीच राहिली होती. 1956 मध्ये जेम्स प्रिचर्ड याने अल-जीबमध्ये उत्खनन सुरू केले, तेव्हा मडक्यांच्या कानांवर जुन्या हिब्रू लिपीत ‘गिबोन’ हेच नाव कोरलेले सापडले. गावकरी बरोबर होते.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. आम्ही इथले, असे म्हणणाऱ्या ज्यूंच्या दाव्याचा एक मोठा पुरावा अरब कुळांच्या बोलण्यात सांभाळला गेला होता. आणि ही नावे अशी टिकली ती तिथली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या कधी पूर्णपणे तुटली नाही म्हणूनच. म्हणजे तोच पुरावा अरबांच्या सलग वास्तव्याचाही पुरावा आहे. हे लोक सातव्या शतकात अरबस्तानातून आले आणि तेव्हा सारे रान मोकळे होते, असे कोणी म्हणू लागले की मला अनाता आणि मुखमास आठवतात. राज्यकर्ता बदलतो तेव्हा बहुतेक शेतकरी आपल्या जागी राहतात. भाषा बदलतात, देव बदलतात आणि पेरणी करतात. आजच्या पॅलेस्टिनींमध्ये त्या प्राचीन रहिवाशांचे रक्त अजिबात नाही, असे धरून चालणे मला फार धाडसाचे वाटते. तसेच युरोपातून आलेल्या ज्यूंचा या भूमीशी संबंध ही एकोणिसाव्या शतकातली बनवाबनवी आहे, असे म्हणणाऱ्याने तितकेच धाडस केलेले असते. कारण साफेद, तिबेरियास, जेरुसलेम आणि हेब्रॉन या गावांत ज्यू वस्ती कित्येक शतके होती. 1492 मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंतलेही काही पुढे साफेदमध्ये येऊन स्थिरावले होते.

मराठी वाचकाला हे सांगताना बेने इस्राएल समाजाची आठवण येणे स्वाभाविक आहे. कोकणात शेकडो वर्षे राहिलेला, तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवला गेलेला हा मराठी बोलणारा समाज 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. 1950 च्या ‘परतीच्या कायद्या’ने जगातल्या कोणाही ज्यूला तिथे स्थायिक होण्याचा हक्क दिला होता. तरीही तिथे पोहोचल्यावर त्यांच्या ज्यूपणाविषयी धर्मगुरूंनी शंका काढल्या, लग्ने अडली, त्यांनी आंदोलन केले आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेला हे आपल्यापैकीच आहेत असे जाहीर करावे लागले. वारशाच्या पायावर हक्क ठरवायचा म्हटले की वारस कोण हे ठरवणारा कोणीतरी उभा राहतोच, आणि त्याचा काच सगळ्यांत आधी दुबळ्याला बसतो.

आता मालकीकडे वळते. आपल्या भाषेत मालकी आणि वहिवाट हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि कागद एकाचा, कसणारा दुसरा, ही स्थिती आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. पॅलेस्टाइनमधल्या जमिनीच्या भांडणाचा मोठा भाग या दोन शब्दांमधल्या फटीत आहे. ऑटोमन तुर्कांच्या राज्यात लागवडीखालची बहुतेक जमीन ‘मीरी’ होती, म्हणजे अंतिम मालकी सरकारची आणि कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा. कित्येक गावांत ‘मुशा’ नावाची पद्धत होती. तिच्यात गावची जमीन सामाईक असे आणि ठरावीक वर्षांनी तिचे वाटे फिरत. 1858 च्या जमीन कायद्याने नोंदणी आली. दहा वर्षे सलग कसणाऱ्याचा हक्क तो कायदा मानत होता, तीन वर्षे पडीक ठेवणाऱ्याचा काढून घेत होता. कागदावर तो वाईट नव्हता. पण नोंदणी म्हणजे सारा वाढणार आणि मुलगा सैन्यात ओढला जाणार, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. त्यामुळे किती तरी जमिनी नोंदल्याच गेल्या नाहीत किंवा गावच्या, शहरातल्या बड्या माणसाच्या नावावर चढल्या. काही सरकारने थेट विकल्या. मर्ज इब्न आमिर नावाच्या सुपीक सपाटीतली कित्येक गावे अशीच बैरुतच्या सुर्सुक या सावकार घराण्याने विकत घेतली.

त्यांतल्या अल-फुला या गावाची हकिकत मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. 1910 मध्ये सुर्सुकांनी ते गाव ज्यू राष्ट्रीय निधीला, म्हणजे ज्यूंच्या वसाहतींसाठी तिथे जमिनी घेणाऱ्या संस्थेला, विकले. व्यवहार कायदेशीर होता, किंमत मोजली होती, कागद पक्के होते. मात्र गावातली कुळे उठायला तयार नव्हती. नाझरेथचा ऑटोमन अधिकारी शुकरी अल-असली याने ताबा देण्याचे नाकारले आणि वृत्तपत्रांत ‘सलादीन’ या टोपणनावाने त्या विक्रीविरुद्ध लिहिले. गावात क्रुसेडरांच्या काळातल्या एका किल्ल्याचे अवशेष होते आणि सलादीनने तो किल्ला 1187 मध्ये घेतला होता. अल-असलीने त्या किल्ल्याचा आधार घेतला: सलादीनने जिंकलेली भूमी विकता कशी? वरिष्ठांनी त्याचे ऐकले नाही, कुळे उठली आणि तिथे मर्हाव्या ही वसाहत वसली.

या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त टोचते ते हे, की खुद्द कुळांची बाजू मांडायची वेळ आली तेव्हासुद्धा सातशे वर्षांपूर्वीच्या सुलतानाला पुढे करावे लागले. आम्ही इथे राहतो, इथे पेरतो, आमची घरे इथे आहेत, एवढे सांगून भागत नव्हते. ज्यूंकडे दावीद होता म्हणून अरबांना सलादीन लागला. इतिहासाचा दावा असा संसर्गासारखा पसरतो. एकाने हजार वर्षे मागचे काढले की दुसऱ्यालाही तितकेच मागे जावे लागते, आणि या मागे जाण्याच्या शर्यतीत आज जे अंगणात उभे आहेत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष राहत नाही. 1920 च्या दशकात सुर्सुकांनी त्या सपाटीतली उरलेली बरीच गावे विकली, तेव्हा अशी कितीतरी कुळे उठली. जमीन विकणारे अरब होते, हे इस्रायलची बाजू घेणारे नेहमी सांगतात आणि ते खरे आहे. विकणारा बैरुतमध्ये होता आणि उठणारा गावात होता, हेही तितकेच खरे आहे.

पुढच्या राजकारणाने ही फट बुजवण्याऐवजी रुंद केली. 2 नोव्हेंबर 1917 च्या बाल्फोर जाहीरनाम्यात, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटिश सरकारने दिलेल्या पाठिंब्यात, ज्यू लोकांचे नाव होते. तेव्हा लोकसंख्येत सुमारे नव्वद टक्के असलेल्या अरबांचा उल्लेख ‘अस्तित्वात असलेले बिगर-ज्यू समाज’ असा होता. पॅलेस्टाइनचा कारभार ब्रिटनकडे सोपवणाऱ्या 1922 च्या राष्ट्रसंघाच्या आदेशात ज्यू लोकांचा पॅलेस्टाइनशी असलेला ‘ऐतिहासिक संबंध’ मान्य केला गेला, आणि त्याच वर्षीच्या ब्रिटिश जनगणनेत तिथल्या सुमारे 7 लाख 57 हजार लोकांपैकी ज्यू होते सुमारे 84 हजार. म्हणजे एका लोकांचा संबंध मान्य झाला आणि दुसऱ्या लोकांचे नावही लिहिले गेले नाही. 29 नोव्हेंबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रांनी 33 विरुद्ध 13 मतांनी फाळणी मंजूर केली. भारताने विरोधात मत दिले. त्याआधीच्या चौकशी समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तीन सदस्यांनी दोन्ही लोकांचे एकच संघराज्य सुचवले होते. ती सूचना अल्पमतात राहिली. युरोपातल्या साठ लाख ज्यूंच्या संहारानंतर अवघ्या दोन-अडीच वर्षांत ज्यूंना अल्पसंख्य म्हणून कुठेही राहा असे सांगणे किती अवघड होते, हे मला समजते. त्या संहाराची किंमत अरब शेतकऱ्याने का द्यावी, हे मात्र मला समजत नाही.

1948 च्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी निर्वासित झाले आणि चारशेहून अधिक गावे ओस पडली. त्यानंतरच्या वर्षांत इराक, येमेन, मोरोक्को, इजिप्त इत्यादी देशांतून लाखो ज्यू उठले. त्यांतले बरेच जण घरदार, दुकान, स्मशान सगळे मागे टाकून आले. या दोन दुःखांची वजाबाकी करून हिशेब चुकता झाला असे काही जण म्हणतात. हैफामधून हाकलला गेलेला माणूस आणि बगदादमधून हाकलला गेलेला माणूस यांनी एकमेकांचे काही घेतले नव्हते, त्यामुळे एकाच्या नुकसानीने दुसऱ्याची भरपाई कशी होते, ते मला कधीच उमगले नाही.

मालकीचा कायदा एकतर्फी झाला की काय होते ते पूर्व जेरुसलेममधल्या शेख जर्राह वस्तीत स्वच्छ दिसते. तिथल्या एका प्राचीन कबरीलगतची जमीन 1870 च्या दशकात ज्यू समाजाच्या समित्यांनी विकत घेतली होती. 1948 मध्ये तिथले ज्यू उठले आणि तो भाग जॉर्डनकडे गेला. 1956 मध्ये जॉर्डन सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यांनी तिथे 28 पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबांना घरे दिली. त्या बदल्यात त्या कुटुंबांनी निर्वासित म्हणून मिळणारी मदत सोडली. घरे नावावर करून देण्याचे ठरले होते, ते राहून गेले. 1967 नंतर तो भाग इस्रायलकडे आला आणि 1970 च्या कायद्याने 1948 मध्ये पूर्व जेरुसलेममध्ये गमावलेली मालमत्ता परत मागण्याची वाट ज्यूंना खुली झाली. त्या कुटुंबांना स्वतःची 1948 पूर्वीची घरे परत मागायची वाट मात्र बंद आहे, कारण 1950 च्या ‘अनुपस्थितांच्या मालमत्तेच्या कायद्या’ने ती सरकारजमा झाली आहेत. जुना कागद पुरावा मानायचा असेल तर तो दोघांचा मानावा लागेल, आणि वहिवाट मानायची असेल तर तीही दोघांची. इथे एकाचा कागद चालतो आणि दुसऱ्याचा चालत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ज्यूंचा त्या भूमीवरचा वारसा खरा आहे असे मी मनापासून मानते. पण वारसा माणसाला परत येण्याची, राहण्याची, आपली कबर आणि आपली भाषा जपण्याची मागणी करू देतो. समोरच्या घरातल्या माणसाच्या दाराला कुलूप घालण्याचा हक्क त्यातून निघत नाही. हेच मी त्या अरब मित्रांनाही सांगेन जे म्हणतात की इथल्या ज्यूंनी आले तिथे परत जावे. आता तिथे जन्मलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आहे. त्यांना परत जायला दुसरी जागा नाही, आणि असती तरी आपल्या जन्मगावातून त्यांना उठवणे अन्यायच ठरले असते.

हे सगळे माझ्या आधी सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने फार थोडक्यात लिहून ठेवले आहे. युसूफ दिया अल-खालिदी हे जेरुसलेमचे महापौर राहिलेले विद्वान गृहस्थ. 1 मार्च 1899 रोजी त्यांनी फ्रान्सचे मुख्य ज्यू धर्मगुरू झादोक कान यांना फ्रेंचमध्ये एक पत्र लिहिले. ज्यूंचे पॅलेस्टाइनवरचे हक्क कोण नाकारील, इतिहासाच्या दृष्टीने हा तुमचाच देश आहे, असे त्यांनी त्यात उघडपणे मान्य केले. लगेच पुढे त्यांनी वस्तुस्थिती मांडली: हा देश आज ऑटोमन साम्राज्याचा भाग आहे आणि इथे दुसरी माणसे राहत आहेत, ज्यूंना इथे आणून वसवण्याच्या कल्पनेमुळे इथे ज्यू आणि इतर यांच्यात भांडण पेटेल, म्हणून देवाच्या नावाने पॅलेस्टाइनला शांत राहू द्या. वारसा मान्य आणि हकालपट्टी अमान्य, ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाने, एकाच पत्रात, एकमेकांना न खोडता लिहिली होती. अल-खालिदींचे मन त्यासाठी किती मोठे असेल, असे मला ते पत्र आठवले की दर वेळी वाटते.

धर्मगुरू कान यांनी ते पत्र झायनवादी, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे स्वतःचे राष्ट्र मागणाऱ्या चळवळीचे नेते थिओडोर हर्झल यांच्याकडे पाठवले. हर्झल यांनी 19 मार्चला उत्तर दिले. ज्यूंच्या येण्याने जमिनींच्या किमती वाढतील, तिथल्या लोकांची भरभराट होईल आणि त्यांना घालवून देण्याचा विचार कोण करील, असा त्याचा आशय होता. हर्झल यांनी ते खोटेपणाने लिहिले असे मला वाटत नाही. त्यांना समोरची माणसे दिसत नव्हती, एवढेच. आठ वर्षे आधी, 1891 मध्ये, आशर गिन्सबर्ग उर्फ अहद हाआम या ज्यू विचारवंताने तिथे जाऊन आल्यावर आपल्याच लोकांना बजावले होते की ही भूमी ओसाड आहे असे आपण बाहेर राहून समजतो, पण तिथे न पेरलेले शेत सापडणे कठीण आहे. ते ज्यांनी ऐकायला हवे होते त्यांच्यापर्यंत पोहोचले होते, तरी ऐकले गेले नाही.

अल-खालिदी 1906 मध्ये वारले. त्यांच्या घराण्याचे ग्रंथालय जेरुसलेमच्या जुन्या शहरात अजून आहे. पण ते पत्र तिथे नाही. हर्झल यांच्या कागदपत्रांबरोबर ते जेरुसलेममधल्याच झायनवादी चळवळीच्या केंद्रीय अभिलेखागारात ठेवलेले आहे, आणि पॅलेस्टिनी अभ्यासकाला ते पाहायचे असेल तर तिथे जाऊन मागावे लागते.